आऱ्यांची राखण

गिअरच्या सायकलीच्या मागच्या चाकावर, चेनची दातेरी चक्रं आणि आरे यांच्यामध्ये, प्लॅस्टिकची एक चकती बसवलेली असते. सायकल नवी असताना ती पारदर्शक असते आणि सहसा कुणाच्या लक्षातही येत नाही. दोन-तीन उन्हाळे गेले की ती पिवळी पडते, कडेला तडकते, आऱ्यांना धरून ठेवणाऱ्या तिच्या पकडी तुटतात आणि मग ती खड्ड्याखड्ड्याला खडखडू लागते. अशी सायकल दुरुस्तीला आली की एक प्रश्न हमखास निघतो: ही चकती काढून टाकली तर चालेल का?

डहाणू आणि तलासरी तालुक्यांत हा प्रश्न नवा आहे, कारण गिअरची सायकलच इथे उशिरा आली. पण चाकाला कशापासून जपायचं आणि चाकापासून कुणाला जपायचं, ही विवंचना सायकलीइतकीच जुनी. मडगार्ड, चेनकव्हर, साडीगार्ड आणि आता ही चकती, यातलं प्रत्येक कवच कुणाच्या तरी ठरावीक दुखण्यातून निघालं. ज्याच्या वाट्याला ते दुखणं आलं नाही, त्याला कवच अडगळ वाटलं. चकतीचा निकाल लावायचा तर आधी तिच्या थोरल्या भावंडांची हकीकत बघावी लागते.

आज आपण ओळखतो ती सायकल १८८५ मध्ये इंग्लंडात जॉन केम्प स्टार्लीने बाजारात आणली. दोन सारखी चाकं आणि मागच्या चाकाला चेन, अशी तिची मांडणी होती. १८८८ मध्ये डनलॉपचा हवेचा टायर आला आणि कच्च्या रस्त्यावरही सायकलवर बसणं सुसह्य झालं. डहाणूला त्याआधीच आगगाडी आली होती. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेची लाइन १८६४ मध्ये सुरतेकडून मुंबईपर्यंत जोडली गेली आणि हा किनारा थेट मुंबईच्या बाजाराला लागला. वाफेच्या गाडीने गवत, लाकूड आणि पुढे चिकू मुंबईकडे जाऊ लागले; मुंबईच्या वस्तू इकडे येऊ लागल्या. रॅले, बीएसए, हर्क्युलिस, हंबर, फिलिप्स ही विलायती नावं मुंबई इलाख्यात अशीच आगगाडीच्या वाटेने आत पसरली.

ती सायकल भक्कम होती. अठ्ठावीस इंची चाकं, सळईचे ब्रेक, मागे कॅरिअर आणि दोन पायांचा स्टँड. पुढच्या चाकाला ३२ आरे, मागच्या चाकाला ४०. मागच्या चाकावर माणसाचं वजन जास्त, शिवाय कॅरिअरवर पोतं नाहीतर आणखी एक माणूस, म्हणून मागे आठ आरे वाढवलेले. हे ३२-४० चं गणित इंग्रजी कारखान्यांनी घातलं आणि भारतात बनलेल्या काळ्या सायकलींनी ते पुढे अनेक दशकं जसंच्या तसं चालवलं. पुढे एक दातेरी चक्र, मागे एकच फ्रीव्हील, आणि चेन सदैव एका रेषेत. ती सैल पडली तर उतरायची. स्वार खाली उतरून, हात काळे करून ती पुन्हा चढवायचा. तिला उचलून आऱ्यांकडे ढकलेल असा कोणताही भाग त्या यंत्रात नव्हता, त्यामुळे आजच्या चकतीची तिथे गरजच नव्हती.

त्या सायकलीला वेगळी कवचं लागली. पावसाळ्यात डहाणूपासून पूर्वेकडे आशागड, कासा, सायवन या बाजूला गेलं की तांबडी माती आणि ओहोळ. मडगार्ड नसेल तर चिखलाचा पट्टा थेट पाठीवर उठायचा. मडगार्ड असेल तर त्याच्या आणि टायरच्या मध्ये चिखल गच्च बसून चाक थांबायचं. किनाऱ्याला चिंचणीपासून बोर्डीपर्यंत वेगळाच त्रास: बारीक वाळू आणि खारा वारा. वाळू चेनमध्ये शिरते आणि तेलाशी मिसळून तिचे सांधे घासते. खाऱ्या वाऱ्याने आऱ्यांच्या टोकाचे निपल गंजून जाम होतात. अख्खी चेन डब्यात बंद करणारं पूर्ण चेनकव्हर हे अशा ठिकाणी चैनीचं काम नव्हतं. त्याचा दुसरा उपयोग कपड्यांना. लेंग्याची किंवा पँटची उजव्या पायाची मोहरी चेनमध्ये गेली की कापड फाटतं आणि स्वार पडतो. म्हणून अर्धं चेनकव्हर आलं, मोहरीला लावायच्या क्लिपा आल्या, आणि क्लिप नसली तर मोहरी मोज्यात खोचायची पद्धत महाराष्ट्रभर रूढ झाली.

भाड्याच्या सायकलींनी मात्र ही कवचं सगळ्यात आधी टाकून दिली. तासावर सायकल देणाऱ्या दुकानात मडगार्डवर नंबर रंगवलेल्या सायकली असत आणि त्यांचं चेनकव्हर बहुतेक वेळा काढलेलंच असे. दिवसातून आठ जण सायकल नेणार, चेन चार वेळा उतरणार. कव्हर असलं तर ती चढवायला वेळ लागणार. दुकानदाराच्या हिशेबात ते कव्हर आडवं येई. मोहरी ज्याची फाटायची त्याला या निर्णयात जागा नव्हती. कवच काढणारा एक आणि त्याची किंमत मोजणारा दुसरा, हा प्रकार सायकलीच्या इतिहासात पुन्हा पुन्हा दिसतो आणि चकतीच्या बाबतीतही तो महत्त्वाचा आहे.

वारली आदिवासींच्या पाड्यांवर सायकल पोचायला किनाऱ्यापेक्षा बराच उशीर लागला. कारण उघड होतं: हातात पैसा नव्हता. वेठबिगार होती, आणि लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी नवरा-बायको दोघंही सावकाराच्या घरी राबणारे लग्नगडी होते. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली, तिथे माह्या धांगडा यांच्यासारखे वारली गेले. २३ मे १९४५ रोजी तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातल्या झरी गावात हजारो वारली जमले आणि वेठ न करण्याचं ठरवून गेले. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली पुढे जो संप झाला, त्यातली मागणी पाचशे पौंड गवत कापणीला अडीच रुपये एवढी होती. रोख मजुरीसाठीच झगडावं लागत होतं अशा घरात सायकल येण्याचा प्रश्न नव्हता.

१९६० मध्ये मुंबई राज्याचं विभाजन झालं. उंबरगाव तालुक्याचा काही भाग गुजरातेत गेला; झरीसह उरलेली गावं महाराष्ट्रात राहिली आणि तलासरीचा वेगळा कारभार सुरू झाला. नंतरच्या दशकांत सीमेपलीकडे उंबरगाव, वापी आणि सिल्वासा इथे कारखाने उभे राहिले. मुंबई-अहमदाबाद महामार्ग तलासरीतूनच जातो. पाड्यावरचा तरुण कारखान्याच्या पाळीला जाऊ लागला आणि पगारातून पहिली मोठी खरेदी म्हणून सायकल घरात आली. महाराष्ट्रात इतरत्र सायकल, घड्याळ आणि रेडिओ हे त्रिकूट अनेकदा हुंड्यातून मिळायचं. वारल्यांत हुंडा नाही, उलट मुलीच्या घरी देज द्यावं लागतं. त्यामुळे इथली सायकल सासऱ्याकडून आलेली नसते. ती स्वतःच्या मजुरीची असते, आणि तिच्यावरचा जीवही तेवढाच. चाकाच्या आऱ्यांत ओवलेले रंगीत मणी, हबभोवती फिरत राहून तो पुसणारं गोंड्यांचं कडं, हँडलला झिरमिळ्या हा सगळा थाट त्याच जिव्हाळ्याचा. तोवर सायकली देशातच बनत होत्या: मद्रासजवळ टीआय सायकल्स १९४९ पासून, सोनीपतला ॲटलस १९५१ पासून, आसनसोलला सेन-रॅले, लुधियान्याला हिरो १९५६ पासून. हिरोचं नाव १९८६ मध्ये जगातली सगळ्यात मोठी सायकल कंपनी म्हणून गिनीज बुकात गेलं. सरकारच्या नजरेतही सायकल भरली होती. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने पंचायतींना जे कर बसवायची मुभा दिली, त्यांच्या यादीत बैलगाड्यांच्या जोडीला सायकलही आहे.

आता चाकाच्या डाव्या बाजूकडे वळू. चेन उजवीकडे असते, म्हणून कॅरिअरवर एका अंगाने बसणारी बाई पाय डावीकडे सोडून बसते. गोल साडीचा घोळ आणि पदर त्याच बाजूला लोंबतो, आणि तिथेच मागचं चाक फिरत असतं. इंग्लंडात १८९० च्या दशकात बायकांच्या सायकलींना मागच्या चाकावर दोऱ्यांची जाळी विणत, झग्याचा घेर आत जाऊ नये म्हणून. भारतात तिचीच पुढची आवृत्ती म्हणजे पत्र्याची किंवा तारेची साडीगार्ड.

डहाणूच्या पट्ट्यात तिची गरज सगळ्यांना सारखी नव्हती. वारली बाईचं लुगडं कासोटा घालून गुडघ्याच्या आसपास आवरलेलं. किनाऱ्यावरच्या मांगेला बाईचं लुगडंही काष्ट्याचं. कापड पायांभोवती घट्ट, चाकावर काहीच लोंबत नाही. गोल पाचवारी साडी आणि ओढणी आली तेव्हा चाकाचा धोका त्यांच्याबरोबर आला. हा धोका केवढा खरा होता ते केंद्रीय मोटार वाहन नियमांत लिहिलेलं आहे. १९८९ च्या या नियमांतला १२३ वा नियम सांगतो की मागे माणूस बसवायची सोय असलेल्या मोटारसायकलला मागच्या चाकाचा निम्म्याहून कमी नाही एवढा भाग झाकणारं संरक्षण असलंच पाहिजे, बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून. मोटारसायकलला असा नियम मिळाला, पण कॅरिअरवर बायको आणि दांडीवर मूल घेऊन जाणाऱ्या साध्या सायकलस्वाराच्या चाकाची काळजी ज्याची त्यानेच घ्यायची राहिली.

मुलांच्या पायांचं तर आणखी वाईट. कॅरिअरवर बसलेलं चार-पाच वर्षांचं मूल दमतं, पाय आत ओढून घेतं, आणि टाच आऱ्यांमध्ये जाते. आरे आणि मागची नळी यांच्या कैचीत पाय सापडतो. टाचेची कातडी सोलून निघते, कधी मागच्या शिरेपर्यंत जखम जाते. हाडांच्या डॉक्टरांना ही इजा चांगली ओळखीची आहे. तिच्यावरचा उपाय साडीगार्डचाच: चाकाच्या बाजूला जाळी.

उजवी बाजू अडचणीत आली ती गिअरमुळे. फ्रान्समध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून पॉल द व्हिव्ही या माणसाने चढासाठी अनेक गिअरांचा आग्रह धरला होता. पण चेनला एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारा डिरेलर टूर द फ्रान्समध्ये १९३७ मध्येच सरसकट चालू झाला. इंग्लंडने दुसरी वाट धरली. तिथे स्टर्मी-आर्चर कंपनीने हबच्या पोटात तीन गिअर बसवले. चेन जागची हलत नाही, आऱ्यांना धोका नाही. डिरेलरमध्ये चेन रोज जागा बदलते आणि सगळ्यात मोठं चक्र आऱ्यांच्या सगळ्यात जवळ असतं. चढावर स्वार दम लावून पॅडल मारत असताना चेन त्या शेवटच्या चक्राच्याही पलीकडे गेली, तर ती चक्र आणि आरे यांच्या फटीत रुतते. कधी डिरेलरच आऱ्यांत शिरतो. चाक जागच्या जागी थांबतं.

नुकसान नेमकं कुठे होतं हे चाक हातात घेऊन बघितलं की कळतं. चार-सात चक्रांचा जुडगा बसवायला हबवर उजवीकडे जागा लागते, म्हणून उजवीकडचे आरे डावीकडच्यांपेक्षा उभे बसतात आणि जास्त ताणलेले असतात. चेन त्यांच्या मुळाशी, हबजवळच्या वाकाला घासते. तिथे पडलेला एकेक चरा म्हणजे पुढे कधीतरी तुटणारा आरा. चाकाचा आउट काढून मिळतो, पण उजव्या बाजूचे आठ-नऊ आरे कापले गेले तर चाक नव्याने विणावं लागतं.

या दुखण्यातून चकती आली. १९७३ मध्ये अमेरिकेत दीड कोटींवर सायकली विकल्या गेल्या आणि त्यातल्या कितीतरी दहा गिअरच्या होत्या. घेणारे बहुतेक नवखे होते. गिअर कसा लावायचा, पडल्यावर काय तपासायचं याची त्यांना माहिती नव्हती. १९७६ मध्ये तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाचे सायकलींचे नियम लागू झाले. डिरेलर बिघडला किंवा नीट लावलेला नसला तरी चेनने चाक अडू नये असं संरक्षण हवं, ही त्यातली एक अट होती. आधी ही चकती चकचकीत पोलादाची असे. मग प्लॅस्टिकची झाली. सायकली जगभर विकण्यासाठी बनू लागल्यावर ती सगळीकडच्या स्वस्त आणि मध्यम किमतीच्या गिअरवाल्या सायकलींवर आली, आणि त्या सायकलींबरोबर तलासरीच्या नाक्यापर्यंतही पोचली.

आज महामार्गावर दोन तऱ्हांचे गिअरवाले दिसतात. मुंबईहून पहाटे निघालेले लांब पल्ल्याचे सायकलस्वार चारोटी, तलासरी ओलांडून गुजरातेत जातात. त्यांच्या हलक्या सायकलींवर चकती नसते आणि त्यांना ती लागत नाही. त्यांचा डिरेलर नेमका लावलेला असतो, पडल्यावर काय बघायचं हे त्यांना पाठ असतं, आणि सायकल वर्षातून एकदा तरी जाणत्या कारागिराकडे जाते. चकती काढावी असं सांगणाऱ्यांचं म्हणणं याच अनुभवावर उभं आहे, आणि त्यांच्यापुरतं ते बरोबर आहे. चकतीमागे पाला आणि चिखल साठतो हेही खरं.

त्याच महामार्गाच्या कडेने पाड्यावरचा एक मुलगा थोरल्या भावाची जुनी गिअरची सायकल घेऊन शाळेत जातो. तिचा डिरेलर हलक्या पत्र्याचा आहे. सायकल झाडाला टेकवलेली असते, स्टँडवर लावलेली पडते, कधी शेताच्या बांधावर आडवी टाकलेली असते. सायकल उजव्या अंगावर पडली की सगळ्यात आधी डिरेलरच जमिनीवर आपटतो आणि तो ज्या कानावर बसवलेला असतो तो कान आत वाकतो. बाहेरून काही दिसत नाही. पुढच्या चढाला मुलगा मोठं चक्र लावतो आणि चेन आत जाते. चकती असेल तर चेन तिच्यावर घसरते, खरखर आवाज येतो आणि पोरगा थांबून बघतो. चकती नसेल तर चाक अडतं, आणि तोही पडतो.

म्हणून या पट्ट्यासाठी उत्तर स्पष्ट आहे: धड असलेली चकती काढू नये. सायकल हातोहात फिरते, तिच्यावर धाकटी भावंडं शिकतात, कॅरिअरवर बहीण बसते, आणि गिअरचं काम जाणणारा मेकॅनिक प्रत्येक गावात नसतो. अशा ठिकाणी एवढ्याशा प्लॅस्टिकच्या तुकड्यावर अख्खं चाक आणि एखाद्याचा गुडघा अवलंबून असतो. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमात १२५ मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. त्या सायकली सहसा बिनगिअरच्या, चेनकव्हर असलेल्या असतात आणि तेच योग्य आहे. ओढणी आणि चेन यांची गाठ पडू नये, एवढी काळजी तिथे पुरे.

तडकलेली चकती मात्र तशीच ठेवणं धोक्याचं. तुटलेला तुकडा निसटून चेनमध्ये किंवा आऱ्यांत जाऊ शकतो. ती काढायची तर चक्रांचा जुडगा खास पान्याने उतरवून काढावी. घाईने करवतीच्या पात्याने कापली तर पातं आऱ्यांवर चरे पाडतं, आणि जे चेनने केलं असतं ते पात्याने होतं. नवी आणताना जुनी सोबत न्यावी, कारण चकती सगळ्यात मोठ्या चक्राहून थोडी मोठी हवी आणि तिच्या पकडी आपल्या चाकाच्या आऱ्यांना जुळायला हव्यात.

नवी चकती मिळेपर्यंत सायकल चालवायची असेल तर डिरेलरची मर्यादा तपासून घ्यावी. डिरेलरवर दोन छोटे स्क्रू असतात. त्यातला 'एल' अक्षराचा स्क्रू चेनला आऱ्यांकडे किती जाऊ द्यायचं ते ठरवतो. चाक वर उचलून, पॅडल हाताने फिरवत सगळ्यात मोठ्या चक्रावर चेन चढवायची आणि डिरेलर बोटाने आत दाबून बघायचा. दाबल्यावर चेन चक्र सोडून आत जात असेल, तर स्क्रू थोडा थोडा आवळत ती चक्रावरच थांबेल इथवर आणायचा. मागून बघून डिरेलर सरळ लोंबतो आहे की आत झुकला आहे हेही बघायचं; झुकला असेल तर आधी कान सरळ करून घ्यायचा, कारण वाकलेल्या कानावर स्क्रूचा हिशेब टिकत नाही. गॅरेजवाल्याला हे काम पाच-दहा मिनिटांचं आहे. शाळा सुरू होण्याआधी, जूनच्या पहिल्या पावसाच्या सुमाराला, ब्रेकच्या गट्ट्यांबरोबर तेही त्याच्याकडून करून घ्यावं.